डोरीन किनेर्ड आणि रायफलचे दोन पाय

कुरो गावात कुणाला काही गुपचूप मागवायचं असेल तर मोठी पंचाईत होते, कारण ते पार्सल डोरीन किनेर्डच्या हातूनच घरी येतं. गेली एकोणतीस वर्षं ती वाइटाकी नदीच्या दोन्ही काठांवरच्या मेंढ्यांच्या फार्मांना टपाल पोचवते आहे. कोण केसांना कलप लावतं, कुणी व्यायामाचं यंत्र तिसऱ्यांदा मागवून तिसऱ्यांदा परत पाठवलं, कुणाच्या जावयाला कुठल्या कुठल्या नोटिसा येतात, हे सगळं तिला ठाऊक असतं. ती चकार शब्द बोलत नाही. पार्सल हातात ठेवताना फक्त डावी भुवई जराशी वर करते. बिचाऱ्या गिऱ्हाइकाला तेवढंच पुरतं.

त्यामुळे त्या फेब्रुवारीत जेव्हा खुद्द डोरीनच्या नावाचं एक लांबट, हलकं खोकं आलं, तेव्हा तिने ते गाडीच्या सीटखाली सरकवलं, वर कुत्र्याच्या खाण्याचं पोतं टाकलं आणि दिवसभर दीडशे किलोमीटर ते तसंच झाकून फिरवलं. चौसष्ट वर्षांची बाई, दोन नातवंडांची आजी, पण घरात शिरताना खोकं कोटाच्या आत धरलेलं होतं. आत होता एक बायपॉड.

बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या लाकडाखाली लावायचे दोन घडीचे पाय. जमिनीवर पालथं पडायचं, पाय उघडायचे आणि रायफल त्यांच्यावर टेकवायची, म्हणजे नळीचा भार हातावर येत नाही. यात लाजण्यासारखं खरं तर काही नाही. पण डोरीनने आयुष्यभर या वस्तूची मनसोक्त टिंगल केलेली होती, आणि ती टिंगल मुख्यतः एकाच माणसाने सोसलेली होती. तो म्हणजे पेतेरा रेवी. एकाहत्तर वर्षांचा, कुंपणं घालण्यात हयात गेलेला, हरणांच्या मोसमात छत्तीस वर्षं तिच्याबरोबर एकाच झोपडीत उतरणारा. त्याच्या रायफलला पोलादी बायपॉड होता. दर एप्रिलला डोंगर चढताना डोरीन त्याला विचारायची, "काय रे पेतेरा, तुझ्या या म्हातारीला आज काठीशिवाय चालवत नाही वाटतं?" स्वतः ती पाठीवरची पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर रायफल टेकवायची, खाली डाव्या हाताची मूठ द्यायची आणि नेम धरायची. तिचे वडील असंच करायचे, आणि वडिलांच्या पुढे जाण्याची गरज तिला कधी वाटली नव्हती.

मग मागच्या मे महिन्यात, आमच्याकडे तेव्हा हिवाळा सुरू होतो, लाकडं आणायला मागच्या दारी गेलेली असताना ती गोठलेल्या पायरीवरून घसरली. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. त्यात पट्टी बसवली, सहा स्क्रू बसवले, आणि टपालाची गाडी सात आठवडे दुसऱ्या माणसाने चालवली. त्याने निम्म्या खोऱ्याची पत्रं उरलेल्या निम्म्या खोऱ्याला वाटली, तो भाग निराळा. प्लास्टर निघाल्यावर जुलैत डोरीन फ्रीजर भरायला म्हणून रायफल घेऊन बाहेर पडली. डॉक्टरने थांबायला सांगितलं होतं. थांबायला सांगितलं की डोरीन हमखास निघते.

त्या दिवशी नवरा बरोबर होता. ॲली शिकार करत नाही. तो निवृत्त शाळामास्तर आहे, स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे गोडसर पाव, उत्तम भाजतो, आणि बायको धडपडेल या काळजीने मागोमाग आला होता. दीडशे मीटरवर एक मादी उभी होती. डोरीनने पिशवी ठेवली, मूठ दिली, चाप ओढला, आणि ऐन त्या क्षणी मनगट आतून थरथरलं. गोळी पोटात लागली. ते हरीण पळालं. त्याच्या मागे दोघं नवरा-बायको दोन तास चालत होती, बर्फाळ गवतावरचे लाल ठिपके बघत. शेवटी एका ओढ्यात ती मादी बसलेली सापडली, मान वर करून त्यांच्याकडे बघत. डोरीनने ते काम संपवलं. परतताना गाडीत ॲलीने हीटर तिच्याकडे वळवला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रात्रीचं जेवण तसंच पुढे पडलेलं असताना ती म्हणाली, "पुन्हा असं एकदा जरी झालं ना, तर रायफल विकून टाकीन." ॲलीने मान हलवली आणि तिची ताटली उचलून नेली. ती नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हती हे त्याला कळलं होतं. पंधराव्या वर्षापासून तिने दुसरी कसली हौस केली नव्हती. डोंगर नसलेला एप्रिल कसा काढायचा ते तिला माहीतच नव्हतं.

आता आमच्या खोऱ्यातल्या शिकारी लोकांना एक रोग आहे, तोही सांगितला पाहिजे. हे लोक वजनाने पछाडलेले असतात. पाठीवर सगळं वाहून न्यायचं म्हणून टूथब्रशचा दांडा कापतील, चहाच्या पुड्यांचे दोरे काढून टाकतील, नकाशाचा समास कातरतील. आणि मग त्याच पिशवीत दोन किलो सॉसेज आणि फ्रूटकेक भरतील. डोरीन या रोगात सर्वांत पुढे. चमच्यांना भोकं पाडायची कल्पना तिचीच होती. सूप पिताना तिची चूक सगळ्यांच्या लक्षात आली.

म्हणून बायपॉड निवडताना तिने एकच गोष्ट बघितली. ॲलीच्या स्वयंपाकघरातल्या मैद्याच्या काट्यावर खोक्यातली वस्तू ठेवली तेव्हा काटा एकशे नव्वद ग्रॅमवर थांबला. कार्बनचे पाय, बोरूएवढे बारीक, घडी केली की कोटाच्या खिशात मावणारे. डोरीनचा चेहरा उजळला. ॲलीने वर बघून विचारलं, की हे खिशात मावणं एवढं महत्त्वाचं का आहे. ती म्हणाली, सोय. खरं कारण असं होतं, की पहिल्या टेकडीमागे गेल्यावर ते रायफलला लावता येईल आणि परतताना काढून ठेवता येईल. पेतेराच्या दृष्टीस पडणार नाही. म्हणजे बाईने वस्तू निवडली ती रायफल धरायला नव्हे, तोंड लपवायला.

त्या बायपॉडचे पाय लांब-आखूड करायचे तर प्रत्येक पायाचं कडं पिळून सैल करावं लागायचं, पाय ओढायचा आणि कडं पुन्हा पिळून घट्ट करायचं. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर हे झकास जमत होतं. ॲली शेगडीपाशी उभा राहून तिला पालथी पडताना आणि उठताना बघायचा, आणि त्याचे स्कोन त्या आठवड्यात दोनदा करपले.

मार्चच्या पहिल्या शनिवारी ती टॉड बंधूंच्या मागच्या रानात गेली. रॉस आणि नील टॉड हे झोपडीतले उरलेले दोघे. दोघं भाऊ, दोघंही मेंढ्या पाळतात, एकाने सुरू केलेलं वाक्य दुसरा संपवतो. ते त्या दिवशी बाजाराला गेले होते हे टपालवालीला ठाऊक होतंच. सकाळी हवेत गारठा होता. तिने दोनशे मीटरवर एक जुनी लोखंडी ताटली टांगली आणि उतारावर पडली. उतारावर डावा पाय लांब करावा लागतो. तिने कडं पिळलं, म्हणजे पिळलं असं तिला वाटलं. गारठ्यात तिच्या मनगटातला जोर पार जातो हे गालिच्यावर तिला कसं कळणार. दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढता ओढता डावा पाय हळूच आत सरकला, रायफलने मान टाकली आणि गोळी वीस पावलांवरच्या मातीत शिरली. जवळची एक मेंढी चरायची थांबली, तिच्याकडे बघत राहिली.

डोरीन बराच वेळ तशीच पडून होती. समोर हरीण असतं तर, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मोसमाला चार आठवडे राहिले होते आणि त्याच्या आधी ताटली होती.

ताटली ही आमच्या शिकारी क्लबची जुनी रीत. मोसमाच्या आधीच्या रविवारी डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने दोनशे मीटरवरच्या लोखंडी ताटलीवर तीन गोळ्या मारायच्या. टेबल नाही, खुर्ची नाही, डोंगरात जसं पडायचं तसं जमिनीवर पडून. तिन्ही वाजल्या तर रायफल डोंगरावर. एक जरी चुकली तर त्या वर्षी रायफल घरी आणि तो माणूस झोपडीत स्वयंपाकाला. यात वय, मान, नातं काही चालत नाही. टॉडांचा बाप एक वर्ष चुकला तर त्याने निमूट नऊ दिवस बटाटे सोलले.

सोमवारी तिने पेतेराच्या दारात गाडी थांबवली. त्याच्या हातात विजेचं बिल ठेवलं आणि जागची हलली नाही. पेतेरा शेडमध्ये धुरावलेले ईल मासे कागदात बांधत होता. विजेचं बिल देऊन एवढा वेळ कुणी उभं राहत नाही, हे त्याने बोलून दाखवलं. मग डोरीनने खिशातून ते काळं, बारीक प्रकरण काढून त्याच्या बाकावर ठेवलं.

पेतेराने ते पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. हात पुसले.

"थांब, मला बसू दे," तो म्हणाला. "हे उभ्याने ऐकण्यासारखं नाही."

त्याने स्टूल ओढलं, बसला, आणि छत्तीस वर्षांची वसुली सुरू केली. म्हातारीला काठी लागली का, काठी चंदनाची आहे की सागाची, आता चष्मा आणि कवळी कधी बसवायची, सगळं विचारून झालं. तिने उलटून एक शब्द टाकला नाही तेव्हा पेतेराला चुकल्यासारखं झालं.

"काय झालं गं?" त्याने विचारलं.

तिने सगळं सांगितलं. जुलैमधली मादी, ओढा, ते दोन तास. हे तिने गावात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर ती बाहेर नदीकडे बघत राहिली.

"मला डोंगर सोडायचा नाहीये, पेतेरा," ती म्हणाली. "पण तसं परत करायचं नाहीये."

पेतेराने धुराने पिवळ्या झालेल्या बोटांनी त्या बायपॉडची कडी पिळून बघितली. मग त्याने एक बादली घेतली, नळाखाली धरली, काठोकाठ भरली आणि तिच्यापुढे ठेवली. नळाला थेट नदीचं पाणी येतं, आणि ते बारा महिने बर्फासारखं असतं. डावा हात मनगटापर्यंत बुडव आणि शंभर मोज, असं त्याने फर्मावलं. शंभर झाल्यावर म्हणाला, आता उघड तुझं खेळणं, डाव्याच हाताने, डोळे मिटून. तिच्याने ते कडं तसूभरही हललं नाही.

"पाय हलका आहे, छान आहे," पेतेरा म्हणाला, "पण तो धडधाकट माणसाचा आहे. तुझ्या हाताला कुठला चालतो ते बघू. काट्याला विचारून काय उपयोग, त्याला थोडंच चाप ओढायचाय?"

आमच्याकडे शेजारच्यांचं उसनं आणून बघितल्याशिवाय कुणी काही विकत घेत नाही. डोरीनने लाजेपायी नेमकं तेच टाळलं होतं. त्या आठवड्यात पेतेराने खोऱ्यातून तीन बायपॉड गोळा केले. कुणासाठी हे विचारणाऱ्याला त्याने सांगितलं, स्वतःसाठी, जुना गंजलाय. डोरीनला हे नंतर कळलं तेव्हा ती त्याला म्हणाली ते एवढंच, की तुझा खरंच गंजलाय.

गुरुवारी टपाल वाटून झाल्यावर दोघं त्याच्या घरामागच्या उतारावर गेली, बादली घेऊन. पहिला बायपॉड उंच होता, बसून नेम धरण्याजोगा. उंच गवताच्या झुबक्यांवरून त्यातून छान दिसत होतं, पण तो सातशे ग्रॅमचा होता आणि पाय पूर्ण लांबवले की वाऱ्यात कापायचा. दुसरा अगदी बुटका. क्लबच्या सपाट मैदानावर त्याच्यासारखा दुसरा नाही, डोंगरात मात्र रायफलवरच्या दुर्बिणीतून नुसतं गवत दिसायचं. पेतेराचा स्वतःचा पोलादी बायपॉड मजबूत होता, पण त्याचे पाय स्प्रिंगने टाणकन उघडायचे. त्या आवाजाने आजवर किती हरणं गेली हे डोरीनने मोजायला सुरुवात केली तेव्हा पेतेराने तो लगेच बाजूला ठेवला.

तिसरा मधल्या उंचीचा होता. ॲल्युमिनियमचा, जरासा ओबडधोबड. त्याच्या पायांना खाचा होत्या. अंगठ्याने एक पट्टी दाबली की पाय आपल्या वजनाने खाली यायचा आणि पट्टी सोडली की जवळच्या खाचेत अडकून बसायचा. पिळायचं काही नाही. वरचा सांधा डावी-उजवीकडे कलायचा, म्हणजे उतारावर पाय थोडे कमी-जास्त झाले तरी रायफल सरळ धरता यायची. डोरीनने बादलीत हात घातला, शंभर मोजले, डोळे मिटले. डावा पाय दोन खाचा खाली, उजवा एक. खट, खट, खट, अगदी बारीक आवाज. तिने डोळे उघडले तेव्हा रायफल सरळ उभी होती.

"किती वजन?" तिने लगेच विचारलं.

पेतेराने कपाळावर हात मारला. तीनशे चाळीस ग्रॅम होतं. म्हणजे दीडशे जास्त. डोरीनचा चेहरा पडला.

"एक सॉसेज कमी ने," पेतेरा म्हणाला.

मग त्याने तिला तिथेच पाडून दोन गोष्टी शिकवल्या, ज्या तो तीस वर्षं तिला शिकवायला बघत होता आणि ती टिंगलीखाली ऐकून घेत नव्हती. बायपॉडवर रायफल नुसती ठेवायची नाही, खांद्याने हलकेच पुढे रेटून धरायची, म्हणजे धक्क्याने ती उडी मारत नाही. आणि पाय उघड्या दगडावर टेकायचे नाहीत. दगडावरून ती उसळते आणि गोळी वर जाते. माती बघ, गवत बघ, काही नाही तर टोपी काढून खाली घाल. डाव्या हाताला काय काम, असं तिने विचारलं. तो मागच्या लाकडाखाली दे आणि गप्प पडू दे त्याला, पेतेरा म्हणाला, बिचाऱ्याने खूप केलंय.

दुसऱ्या दिवशी तिने ओमारूच्या दुकानात जाऊन आपला कार्बनचा बायपॉड परत केला आणि खाचांचा आणला. दुकानातल्या मुलीने अजून हलका एक नवीन आलाय असं सांगताच डोरीन कान झाकून बाहेर आली.

ताटलीच्या रविवारी मैदानावर वीसेक माणसं होती. डोरीन रायफल खांद्यावर घेऊन चालत आली, बायपॉड पुढे लावलेला, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा. पाहणाऱ्यांची तोंडं हळूहळू पसरायला लागली. पण कुणी काही बोलण्याआधीच पेतेरा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आज कुणी काठीबिठीवर बोलायचं नाही. बोलायचा हक्क माझा एकट्याचा आहे आणि मी तो कुणाला उसना देणार नाही."

टॉड बंधू मात्र हसत नव्हते. त्यांना वेगळीच धास्ती होती. डोरीन चुकली तर नऊ दिवस स्वयंपाक तिच्याकडे येणार, आणि एका पावसाळी दिवशी तिने झोपडीत केलेला रस्सा दोघांनीही खाल्लेला होता. रॉस अजूनही गाजराकडे संशयाने बघतो. दोघं भाऊ तिच्या मागे, देवळात उभं राहावं तसे हात जोडून उभे होते.

डोरीन पडली. पाय उघडले, खांदा रेटला. पहिली गोळी गेली आणि ताटली ठण्ण वाजली. दुसरी वाजली, पण आवाज चिरका आला. दुर्बिणीतून बघणाऱ्या नीलने सांगितलं, वरच्या कडेला, अगदी काठावर.

आता एकच राहिली होती. तिने रायफलवरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि तिच्या लक्षात आलं की आतली नेमाची फुली प्रत्येक श्वासाबरोबर बारीक उडी मारते आहे. मनगट असेल असं तिला वाटलं. चापावर बोट होतं, मागे वीस माणसं होती, आणि जुलैतही असंच होतं. तेव्हाही आतून कुणीतरी थांब म्हणत होतं आणि ती थांबली नव्हती.

तिने बोट काढलं. बोल्ट, म्हणजे गोळी भरायची दांडी, मागे ओढला, रायफल बाजूला ठेवली, गुडघ्यांवर आली आणि पुढे वाकून बघितलं. बायपॉडच्या उजव्या पायाखाली मातीत पुरलेला एक गुळगुळीत धोंडा होता, अंड्याएवढा उघडा. मागे कुणीतरी घसा खाकरला. वेळ लागतोय, असं कुणी पुटपुटलं. डोरीनने कुणाकडे बघितलं नाही. ती हातभर डावीकडे सरकली, माती दाबून बघितली, डोक्यावरची लोकरी टोपी काढून उजव्या पायाखाली घातली, एक खाच कमी केली आणि पुन्हा पडली. तिचे पांढरे केस वाऱ्याने तोंडावर आले, ते तिने फुंकरीने मागे केले.

ताटली मधोमध वाजली. टॉड बंधूंनी एकमेकांना मिठी मारली. सख्ख्या भावांनी एकमेकांना मिठी मारलेली आमच्या खोऱ्यात त्याआधी कुणी बघितली नव्हती.

झोपडीत गेल्यावर पहिले दोन दिवस पाऊस आणि धुकं. चौघं पत्ते खेळत बसले. स्वयंपाक सगळ्यांनी आळीपाळीने केला, आणि डोरीनच्या पाळीला नीलने आपखुशीने तिची जागा घेतली. तिसऱ्या सकाळी आभाळ मोकळं झालं आणि उजाडताच खालच्या घळीतून माजावर आलेल्या नर हरणाची डरकाळी आली, जाड, खरखरीत, मग पलीकडच्या धारेवरून दुसऱ्याचं उत्तर. डोरीन आणि पेतेरा धारेच्या कडेने निघाले. ती पुढे, तो मागे. या वेळी वाटेत तिने त्याला काहीच चिडवलं नाही. त्याने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

नर घळीच्या पलीकडच्या उतारावर होता, तीन माद्यांच्या बरोबर. पेतेराने कानाशी येऊन अंतर सांगितलं, एकशे ऐंशी. डोरीन पालथी पडली. उतार डावीकडे ओघळलेला होता. डावा पाय दोन खाचा खाली, खट, खट. पलीकडे कुठल्याच हरणाने मान वळवली नाही. गवताच्या झुबक्यांवरून तिला नर खुरांपासून शिंगांपर्यंत दिसत होता. खांदा रेटला. फुली त्याच्या अंगावर ठेवली तशी ठेवलेलीच राहिली.

नर त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. अशा वेळी मारायचं नाही. ती थांबली. पेतेरा मागे श्वाससुद्धा जपून घेत होता. नर दोन पावलं चालला तेव्हा एक मादी त्याच्या मागे आली. मारायचं नाही. मानेला रग लागली, कोपराखाली ओल आली, आणि तिला जाणवलं की आपल्याला घाई नाही. मनगट मागच्या लाकडाखाली गप्प पडलेलं होतं. आज नेम त्याच्यावर अवलंबून नव्हता, आणि म्हणून तिच्या मनात भीती नव्हती. मादी खाली उतरली. नराने अंग बाजूला वळवलं, मान लांब केली, डरकाळी फोडायला तोंड उघडलं.

गोळीचा आवाज घळीत घुमून परत आला तेव्हा उतारावर तीन माद्या पळत होत्या आणि नर जिथे होता तिथेच आडवा झालेला होता.

पेतेराने तिच्या पाठीवर थोपटलं. तिने बोल्ट ओढून रायफल मोकळी केली. ती उठून बसली आणि रडली. पेतेरा दुसरीकडे बघत थांबला. खिशातून त्याने ईलचा एक तुकडा काढून तिच्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने ती तो खायला लागली.

पलीकडे जाऊन, नराच्या मानेवर हात ठेवून, सगळं काम उरकून वर यायला दुपार झाली. धारेवर एका खडकापाशी फोनला रेंज येते, एका पायावर उभं राहिलं तर. डोरीनने घरी फोन लावला.

"मिळालं," ती म्हणाली.

नर होता की मादी, शिंगं केवढी, मांस किती, यातलं काही ॲलीने विचारलं नाही.

"किती चाललं गं ते?" त्याने विचारलं.

"एक पाऊल नाही, ॲली. एकसुद्धा नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली. मग मास्तरांचा नेहमीचा कोरडा आवाज आला.

"मग पुढच्या एप्रिलसाठी टपालाला बदली माणूस सांगून ठेवतो," तो म्हणाला. "या वेळी वाचता येणारा."